आखाजी ते आखाजी

बेबीला जागेपणी झोपायची सवय आहे, असं तिची आई मंजुळाबाई ती लहान होती तेव्हापासून सांगायची. चुलीपुढे बसवलं तर पोरगी जाळाकडे बघत राहायची आणि भाकरीचा कोळसा व्हायचा. नदीवर धुणं घेऊन गेली की एखादं लुगडं हमखास वाहून जायचं, अन् ही आपली पाण्यातले ढग बघत बसलेली. वडील कौतिकनाना नुसते हसायचे. "ऱ्हाऊ दे वं. तिन्हा जीव रमस तठे, रमू दे," म्हणायचे. गावात अशा पोरीला नाव पडायला वेळ लागत नाही. तिला सगळे 'झोपेतली बेबी' म्हणायचे, तीही ओ द्यायची. गंमत होती तोवर ती कुणाला टोचली नाही. पुढे त्याच गमतीने तिचा घात केला.

गाव एरंडोलच्या अलीकडे, अंजनी नदीला लागून. गाव आणि नदी यांच्या मधून धुळे-जळगाव हमरस्ता जातो. बेबीला दिली होती दोंडाईच्याला. नवरा जीवराम मिरचीच्या वखारीत कामाला, अबोल आणि कष्टाळू. नव्वद साली लग्नानंतरची पहिली आखाजी आली आणि बेबी माहेरी आली. बाकी महाराष्ट्र तिला अक्षय्य तृतीया म्हणून सोनं घेऊन मोकळा होतो. खानदेशात आखाजी म्हणजे लेकींचा सण. निंबाला झोके बांधलेले, खापरावर मांडे पडताहेत, आमरसाने हात कोपरापर्यंत माखलेले, आणि वर्षभर सासरी तोंड मिटून बसलेल्या पोरी गळा मोकळा करून गाताहेत.

दुपारी पोरी आखाजीची गौराई नदीत बोळवून परत निघाल्या. बाकीच्या पुढे गेल्या, बेबी तिच्या चालीने मागे. हमरस्त्याच्या अलीकडे एक मोठा निंब होता. पुढच्या पोरी रस्ता ओलांडून गावाच्या अंगाला पोचल्या असतील नसतील, तोच मागे आवाज झाला. त्या वळल्या तेव्हा केळीने भरलेला एक ट्रक निंबाशी तिरपा उभा होता, केळीचे घड मातीत पडले होते आणि बेबी चाकाजवळ होती.

कसं झालं ते कुणी पाहिलं नव्हतं. ड्रायव्हर सांगत सुटला, "बाई झोपेत चालल्यासारखी मधोमध आली हो! तिला वाचवायला मी गाडी रस्त्याच्या खाली घातली." त्या परक्या माणसाच्या तोंडात नेमका तो शब्द आला आणि सगळ्या गावाने मान डोलावली. बेबीवर गावाचा जीव होता. म्हणूनच त्यांना ते चटकन पटलं. पोलिसांच्या कागदावरही तसंच उतरलं.

धुळ्याच्या दवाखान्यात तिचा उजवा पाय गुडघ्याखालून कापला. ती शुद्धीवर आली तोवर सगळं ठरून गेलं होतं. तिने आईला सांगितलं, "माय, मी रस्तावर नव्हती वं. निंबखाले उभी व्हती, मातीवर." मंजुळाबाईने तिच्या कपाळावरून हात फिरवला आणि "हा माय, हा माय" म्हणाली. तापात बडबडणाऱ्याला म्हणतात ना, तसं. बेबीला पाय गेल्याचं रडू तोवर आलं नव्हतं, ते त्या 'हा माय'ने आलं.

सासरकडे तर याहून वाईट कुजबुज होती. नवी नवरी आपल्या पायाने ट्रकखाली जाते, म्हणजे काहीतरी असेल. पोरीला नांदायचं नसेल. जीवराम दवाखान्यात यायचा, खाटेजवळच्या स्टुलावर बसून मोसंबी सोलायचा, एकेक फोड तिच्या हातावर ठेवायचा. विचारायचा काहीच नाही. ती सांगू लागली की उठून खिडकीशी जायचा. आपल्याला कंटाळून ही चाकाखाली गेली, असं निघालं तर? ते ऐकण्यापेक्षा मोसंबी सोललेली बरी, असा त्याचा हिशेब होता. भला माणूस भित्रा असला की त्याचा राग धड करताही येत नाही.

दिवाळीनंतर नाना तिला घेऊन जळगावला मोतीलाल वकिलांकडे गेले. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात, पण नानांनी आपण शहाणे असल्याचा दावा कधी केलाच नव्हता. वकिलांनी सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा पुसत म्हणाले, "नाना, अपघाताच्या भरपाईचा दावा सहा महिन्यांत लावायचा असतो. ती मुदत तर उलटली. पण सबळ कारण असेल तर एक वर्षापर्यंतचा उशीर कोर्ट माफ करू शकतं. धुळ्याच्या दवाखान्याचे कागद आणा, ते कारण पुरेल. मात्र वर्षाच्या आत या. त्यापुढे माफ करायचा अधिकार कोर्टालाही नाही."

नाना भरपाईचं विचारू लागले. बेबीने त्यांना मध्येच थांबवलं.

"साहेब, तठे माले इचारतीन का? कसं झायं म्हनीसन?"

"विचारणार तर! शपथ घालून विचारतील. तुम्ही सांगाल ते न्यायाधीश लिहून घेतील."

त्या दिवशी परतीच्या एसटीत बेबी खिडकीला डोकं टेकून हसत होती. भरपाई किती मिळेल, कधी मिळेल, यातलं काही तिच्या डोक्यात नव्हतं. कुणीतरी विचारणार होतं. एक माणूस पुढे बसून विचारणार, ती सांगणार, आणि ते लिहिलं जाणार. मग जीवरामला खिडकीशी जाता येणार नव्हतं.

माहेरच्या ओसरीवर खाटेवर पडून ती दिवस काढू लागली. दुपारी डोळा लागायचा आणि स्वप्नात दोन्ही पाय परत यायचे. पायांत जोडवी, टाचेला मेंदी. ती नदीतून निघायची, वाळू तुडवत, करंजाच्या झुडपांमधून, निंबाखाली येऊन उभी राहायची. तिथेच जाग यायची. जागी झाल्यावर ती सांगायचे शब्द पुन्हा पुन्हा जुळवून ठेवायची, ओटीत फुलं गोळा करावीत तसे.

दवाखान्याचे कागद मिळवता मिळवता शिमगा उलटला. चैत्रात सगळं हाताशी आलं. बेबी म्हणाली, "नाना, कागद तयार शेतस ना? चला मंग."

नाना म्हणाले, "आते धोंडाना महिना लागी ऱ्हायना माय. धोंडामा कोनी नवं काम धरस का? आखाजीले लावू दावा. साडेतीन मुहूर्तमधला मुहूर्त शे. आखाजीले धरेल काम खुटत नही."

त्या साली वैशाखच दोन होते. पहिला अधिक, म्हणजे धोंड्याचा. खरा वैशाख त्याच्यामागून. धोंड्यात लग्न नाही, मुंज नाही, विहिरीला कुदळ लावायची नाही. तशात कोर्टात पाऊल टाकायचं म्हणजे आपल्या हाताने अपयशाला अक्षता देणं. आणि घाई कशाला? वर्ष कुठे पुरं झालं होतं? खानदेशात सालदार आखाजीला कामावर लागतो आणि आखाजीला सुटतो. शेत कसायला दिलं तर आखाजी ते आखाजी. बैल कितव्या वर्षात आहे ते आखाजीवरून सांगतात. मध्ये धोंडा आला म्हणून कुणी सालदाराला महिनाभर आधी सोडत नाही. नानांच्या बापाचं वर्ष असंच होतं, त्याच्या बापाचंही. पोरीचा पाय आखाजीला गेला, म्हणजे आखाजीच्या आत वकिलाकडे पोचलं की झालं. बेबीलाही ते पटलं. तीही त्याच मातीतली. शिवाय आखाजीचा दिवस आपल्याकडून काही घेऊन गेला, तोच ते परत देईल, हे तिला आवडलं.

धोंड्यात जावयाला जेवायला बोलवायची रीत. जीवराम आला, पुरणाचे धोंडे जेवला, नवं धोतर घेतलं. निघताना बेबीच्या खाटेशी थांबला, तिच्या उशीचा अभ्रा सारखा केला आणि गेला. बेबी मनाशी म्हणाली, जा, आता थोडेच दिवस.

आखाजीच्या आदल्या दिवशी बापलेक जळगावला पोचले. नाना धुतलेल्या टोपीत. वकिलांनी कागद चाळले, तारीख बघितली आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे मान वळवली.

"नाना, उशीर केलात. वर्ष एप्रिलातच संपलं."

नाना हसले. वकील गंमत करताहेत असं त्यांना वाटलं. "कसं संपनं साहेब? आखाजी तं सकाय शे."

"अपघाताची तारीख एप्रिलमधली. आज मे अर्धा झाला. मधला अधिक महिना तुमच्या पंचांगाचा. कायद्याचं वर्ष इंग्रजी असतं, त्याला धोंडा नसतो."

दुष्काळात तेरावा महिना म्हणतात. नानांनी ही म्हण जन्मभर दुसऱ्यांना ऐकवली होती, आज ती त्यांच्याच घरी मुक्कामाला आली. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "साहेब, मी शेन खादं," एवढंच त्यांच्या तोंडून निघालं. वकिलांनाही वाईट वाटलं. आपणच एक पत्र टाकलं असतं तर बरं झालं असतं, असं ते पुटपुटले. पण बैल गेल्यावर झोपा करून काय होणार.

बेबी कुबडी धरून उभी होती. "मंग आते माले कोनीच इचारनार नही का?"

"नाही ताई. मुदत ठेवतात त्यालाही कारण असतं. दिवस गेले की माणसाला आठवतं ते जसंच्या तसं राहत नाही. साक्ष शिळी होते."

वकील बोलून गेले, आणि ते वाक्य बेबीसोबत घरी आलं.

तिने नानांना एका शब्दाने दुखवलं नाही. एसटीत ते टोपी हातात चुरगाळत बसले होते, तेव्हा तीच म्हणाली, "नाना, खरं वरीस तं आपलंच शे." म्हातारा लहान पोरासारखा रडला. दुसऱ्या दिवशी गावात झोके चढले आणि कौतिकनानांच्या दारातला निंब तेवढा मोकळा राहिला.

पुढच्या वर्षी जीवराम तिला दोंडाईच्याला घेऊन गेला. स्वतःच्या आईचं न ऐकता गेला, हे त्याच्या बाजूने सांगितलं पाहिजे. त्याने न्हाणीत तिला धरायला लाकडी कठडा केला, चुलीचा ओटा उंच करून दिला. अंगणात मिरच्या वाळायच्या, दुपारी सगळं अंगण लाल व्हायचं, त्यात बसून बेबी देठं खुडायची. तिला एक मुलगी झाली. संसार वाईट नव्हता. फक्त त्या दुपारचा विषय निघाला की जीवराम उठून मिरच्या हलवायला जायचा.

आणि तिचं स्वप्न बदलू लागलं. आधी ते निंबापाशी थांबायचं, आता थांबेना. दोन्ही पाय तिला निंबाच्या सावलीतून पुढे नेऊ लागले, सडकेवर, मधोमध. रस्ता लांबच लांब, दोन्हीकडे केळीची हिरवी पानं सळसळताहेत, आणि समोरून ट्रक येतोय, मिरवणुकीतल्या बैलासारखा सजलेला, सावकाश. तिला भीती वाटायची नाही. ती चालतच राहायची. जाग आल्यावर मात्र ती दचकून उठून बसायची. आज एकदा, उद्या पुन्हा, असं करता करता निंबाखालची बेबी फिकट झाली आणि सडकेवरची ठसठशीत. शिळं होणं म्हणतात ते हेच का? गाव म्हणतं तेच खरं असेल का? आपण खरंच झोपेत होतो का? कधी कधी तर याहून पुढचा विचार यायचा, की आपल्याला मरायचंच होतं का, आणि त्या दिवशी ती मुलीला उगाच छातीशी घट्ट धरायची. आपला पाय गेला तो एका दुपारी गेला. ही दुपार मात्र रोज थोडी थोडी जात होती, आणि ती राखायला तिच्यापाशी कुणी नव्हतं.

पंचाण्णव साल उजाडलं आणि नाना स्वतः दोंडाईच्याला येऊन थडकले. धापा टाकतच म्हणाले, "चाल बेबी. वकीलसाहेबन्हा सांगावा उना. दिल्लीमा कायदा बदलना. मुदतनी अटच काढी टाकी."

सासूबाई आतून म्हणाल्या, "आज आमुशा शे, व्याही. उद्या निघा."

"आमुशा ऱ्हावो नहीतं गिऱ्हान," नाना म्हणाले. "चाल, पोरी."

वकिलांनी खरं ते सांगितलं. मुदतीची अट गेली हे नक्की, पण ती जाण्याआधीच्या अपघातांना ही सवलत लागू होते की नाही यावर वाद चालू आहे. लावून पाहू. पुढे वरच्या कोर्टाने त्यावर पक्षकारांच्या बाजूचा निवाडा दिला आणि दावा टिकला. तारखा पडत गेल्या. बेबीची साक्ष निघाली तेव्हा अपघाताला सात वर्षं होत आली होती. चैत्र सरत आला होता, जळगाव तापलं होतं.

जीवराम तिला घेऊन आला आणि मागच्या बाकावर बसला. इथे उठून जायला मिरच्या नव्हत्या.

आधी मोतीलाल वकिलांनी विचारलं. तिने जुळवून ठेवलेले शब्द सांगितले, नदी, गौराई, निंब. शब्द बरोबर होते, पण पाठ केलेल्या कवितेसारखे वाटत होते, आणि ते तिलाच ऐकू येत होतं. मग ट्रकच्या विमा कंपनीचे वकील उठले. सडपातळ, गोड बोलणारे.

"ताई, गावात तुम्हाला काय म्हणतात?"

"झोपेतली बेबी."

"इतक्या वर्षांनी तुम्हाला ती दुपार नक्की आठवते? की सांगून सांगून तसं वाटतं? रस्त्याच्या मधून चालतानाचं काहीच आठवत नाही?"

नाही आठवत म्हणाली असती तर प्रश्न मिटत होता. पण शपथ घेतली होती, आणि मुळात खोटं बोलणं तिला जमायचं नाही. ती म्हणाली, "आठवस. माले दोन्हीबी दिसस. निंबखाले उभी दिसस, आन् सडकवर चालतीबी दिसस."

मोतीलाल वकिलांनी हातातलं पेन खाली ठेवलं. समोरचे वकील हसून बसायला लागले. पण न्यायाधीश पुढे वाकले. त्यांनी विचारलं, "बाई, मग यातलं खरं कोणतं?"

सात वर्षांत हा प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता. आईने नाही, नवऱ्याने नाही, तिने स्वतःलाही असा सरळ नाही. बेबीने डोळे मिटले. कोर्टातला पंखा कुरकुरत होता. आधी ती सडकेवर गेली. केळीची पानं सळसळली, ट्रक सावकाश आला, पायाखालची सडक न्हाणीतल्या फरशीसारखी गार होती. मग ती निंबाखाली आली, आणि तिने एकदम पाय उचलला. जो होता तोच उचलला, आणि कठड्याला धरून सावरली.

"साहेब," ती म्हणाली, आणि तिचा आवाज बदलला होता. "गौराई बोळवाले आम्ही अनवाणी जातस. पायमा चप्पल नही. वैशाखनं ऊन, डांबर पातळ झायेल, पायले चिकटत व्हतं. पोरी उड्या मारत पयाल्यात. मी एक पाय टाका आन् मांगे उनी. निंबखाले मातीवर उभी ऱ्हायनी, एक पाय खाले, एक वर, जरा थंडा व्हवाले पाहिजे म्हनीसन. तधळ गाडी खाले उतरनी, मन्हा आंगवर." ती थांबली. "सपनमधला रस्ता थंडा ऱ्हास, साहेब. त्यावर कितीबी चाली ल्या. त्या दिनना रस्ता भाजत व्हता. त्यावर कोन चाली?"

न्यायाधीशांनी टंकलेखकाला सावकाश सांगितलं, "अर्जदार अनवाणी असून, रस्ता तापलेला असल्याने, रस्त्याच्या खाली मातीवर झाडाच्या सावलीत उभी होती." टाइपरायटर खडखडला. बेबी तो आवाज शेवटपर्यंत ऐकत राहिली.

निकाल लागायला आणखी दिवस गेले आणि तो तिच्या बाजूने लागला. ते सांगून टाकतो, कारण लोक आधी तेच विचारतात. माझ्या मनात मात्र त्या दिवशीचं कोर्टाचं आवार आहे.

नाना वकिलांशी बोलत मागे राहिले होते. जीवराम आणि बेबी बाहेर येऊन भिंतीच्या कडेला सावलीत टेकले. त्याच्या हातात प्रवासातला फिरकीचा तांब्या होता. तो बराच वेळ झाकण उघडत होता आणि लावत होता. मग तिच्याकडे न बघता त्याने विचारलं,

"बहू भाजत व्हतं का वं?"

सात वर्षांनी विचारलं. बेबीला हसू आलं.

"एक पाय तं आजूनबी भाजस," ती म्हणाली.

"कोनता?"

"नही शे तो."

जीवरामने खाली पाहिलं. लुगड्याच्या काठाखाली तिचा डावा पाय होता आणि त्याच्या शेजारी मोकळी माती. तो उकिडवा बसला. झाकण काढून त्याने तांब्या तिरपा केला आणि त्या मोकळ्या मातीवर, जिथे पाऊल असायला हवं होतं तिथे, हळूहळू पाणी ओतायला लागला. जाणारे-येणारे बघत होते. त्याने तांब्या पुरा रिकामा केला. बेबी भिंतीला टेकून डोळे मिटून उभी होती. तिला गार वाटलं.